त्वचेला जस्त किती लागते आणि गोळी कोणाला लागते

फोंड्याहून एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी १९ वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी. चेहऱ्यावर दोन वर्षांपासून मुरुमे आहेत आणि गेल्या पावसाळ्यापासून केसही फार गळू लागले आहेत. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती चार महिने रोज सकाळी उपाशीपोटी ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी घेते. गोळी घेतली की तिला मळमळते. मुरुमे थोडी कमी झाल्यासारखी वाटतात, पण गेलेली नाहीत. घरात सोमवारी, गुरुवारी आणि अख्खा श्रावण शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असते. झिंकने त्वचा खरोखर सुधारते का, ते आपल्या जेवणातून मिळत नाही का, आणि ही गोळी अजून किती दिवस चालू ठेवायची, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही. रोज ५० मिलिग्रॅमची ही गोळी आजपासून थांबवावी. जस्त, म्हणजे औषधाच्या पाकिटावर लिहिलेले झिंक, त्वचेसाठी अत्यावश्यक आहे यात शंका नाही; त्याची उणीव झाली तर ती बहुधा सर्वांत आधी त्वचेवरच उमटते. पण उणीव भरून काढणे वेगळे आणि उणीव नसताना वरून भर घालत राहणे वेगळे. मडगावात त्वचारोगांचे काम करताना गेल्या २६ वर्षांत मी या दोन्ही बाजूंचे रुग्ण पाहिले आहेत. ज्यांना जस्त तातडीने हवे होते त्यांना ते महिनोन् महिने मिळाले नाही, आणि ज्यांना नको होते ते मात्र वर्षभर गोळ्या खात राहिले.

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत असते, सुमारे ५ ते ६ टक्के त्वचेत. त्वचेतही ते सारखे पसरलेले नसते. खालच्या जाड थरापेक्षा वरच्या पातळ बाह्यत्वचेत त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. याचे कारण बाह्यत्वचेच्या स्वभावात आहे. तिच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात, नव्या पेशी वर सरकत जातात, वाटेत चपट्या आणि कडक होतात आणि साधारण महिन्याभरात पृष्ठभागावर येऊन झडून जातात. इतक्या वेगाने स्वतःला नव्याने घडवणाऱ्या ऊतीला जस्त लागणारच, कारण पेशी विभागताना डीएनएची प्रत काढणारी विकरे (एन्झाइम) आणि कोणते जनुक कधी चालू व्हायचे हे ठरवणारी असंख्य प्रथिने जस्ताच्या अणूवाचून आपला आकारच धरू शकत नाहीत. शरीरातल्या ३०० हून अधिक विकरांना जस्त लागते. जखम भरताना कडेच्या पेशींना मधल्या मोकळ्या जागेकडे सरकायचे असते. त्यांच्यासाठी जुने कोलॅजन कापून वाट करून देणारी विकरेही जस्तावरच चालतात. ‘अ’ जीवनसत्त्व यकृतातून त्वचेपर्यंत वाहून नेणारे प्रथिन पुरेसे तयार होण्यासाठीसुद्धा जस्त पुरेसे असावे लागते, म्हणून एकाची उणीव कधी कधी दुसऱ्याच्या उणिवेसारखी दिसते.

लोहाचा साठा शरीर यकृतात करून ठेवते, तसा जस्ताचा वेळेला उपयोगी पडेल असा साठा शरीरात नसतो. हाडांतले आणि स्नायूंतले जस्त तिथेच अडकलेले असते. त्यामुळे रोज थोडे थोडे आत येत राहणे भाग असते, आणि आवक बंद झाली तर काही आठवड्यांतच त्वचा तक्रार करू लागते.

जस्त आणि त्वचा यांचा हा संबंध वैद्यकाला फार उशिरा कळला. १९५५ साली अमेरिकेतील टकर आणि सॅमन या संशोधकांनी दाखवून दिले की डुकरांच्या अंगावर येणारी जाड, भेगाळलेली खपली खाद्यात जस्त घातल्यावर बरी होते. माणसातही अशी उणीव होऊ शकते हे तोवर कोणी फारसे मानत नव्हते. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत असताना त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याची त्वचा खरखरीत आणि कोरडी होती, वयात येण्याची लक्षणे नव्हती आणि आहार जवळजवळ सगळा बिनखमिराच्या रोटीचा होता. या तरुणाबद्दल आणि त्याच्यासारख्या इतरांबद्दल त्यांनी १९६१ मध्ये लिहिले, पुढे इजिप्तमध्ये अभ्यास केला आणि माणसातली जस्ताची उणीव सिद्ध केली. ती रोटी लक्षात ठेवावी. गोव्याच्या ताटाकडे वळताना तिचा संदर्भ पुन्हा येणार आहे.

आता जो प्रसंग मला ही सगळी माहिती लिहायला लावतो तो सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी काणकोणच्या आतल्या भागातून एक आई आपल्या आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती. सहाव्या महिन्यापर्यंत बाळ केवळ अंगावर पीत होते आणि ठणठणीत होते. वरचे दूध आणि पेज सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच तोंडाभोवती लालसर, ओलसर चट्टे आले, मग शौचाच्या जागेभोवती आणि शेवटी हातापायांच्या बोटांवर. चट्ट्यांच्या कडा नकाशा काढावा तशा स्पष्ट होत्या आणि त्यांवर पापुद्रे सुटत होते. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, जुलाब थांबत नव्हते. बुरशी समजून एक मलम झाले होते, मग स्टेरॉइड मिसळलेले दुसरे, मग तोंडातून प्रतिजैविके. पण माझ्या लक्षात राहिले ते त्या बाळाचे रडणे. ते जोराने रडत नव्हते. थकलेल्या, एकसुरी आवाजात, कोणाकडेही न पाहता ते किरकिरत होते, आणि आईने उचलून घेतल्यानेही त्यात काही फरक पडत नव्हता.

तोंड, गुदद्वार आणि हातापायांची टोके, ही तीन ठिकाणे एकत्र दिसली की जस्त आठवलेच पाहिजे. रक्तातील जस्त तपासायला पाठवले, पण त्या अहवालाला काही दिवस लागणार होते. मात्र अल्कलाइन फॉस्फेटेझ नावाची साधी, स्वस्त तपासणी त्याच दिवशी झाली आणि तो आकडा त्या वयाच्या मानाने फारच खाली आला. हे विकर जस्तावर चालते, आणि वाढत्या बाळात तर ते मोठ्यांपेक्षा जास्त असायला हवे. अहवालाची वाट न पाहता वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम जस्त सुरू केले. चौथ्या दिवशी बाळाची किरकिर थांबली. त्वचा अजून तशीच लाल होती, पण ते आईच्या मंगळसूत्राशी खेळत होते. दोन आठवड्यांत चट्टे सुकले, आणि दोन महिन्यांत डोक्यावर कापसासारखे नवे केस आले.

या आजाराला ॲक्रोडर्माटायटिस एंटेरोपॅथिका म्हणतात. नॉर्वेतील डानबोल्ट आणि क्लॉस यांनी १९४२ मध्ये त्याचे स्पष्ट वर्णन केले, पण त्याच्या मुळाशी जस्त आहे हे कळायला १९७३ साल उजाडावे लागले; तोपर्यंत यातील बरीच मुले दगावत असत. आतड्यातून जस्त आत घेणारे एक प्रथिन जन्मतःच बिघडलेले असते, आणि त्याचे जनुक २००२ मध्ये सापडले. आईच्या दुधातील जस्त बाळाला सहज शोषता येते, म्हणून अंगावरचे दूध चालू असेपर्यंत बाळ तग धरते. अशा मुलाला आयुष्यभर जस्त द्यावे लागते. आजार अतिशय विरळ आहे. मात्र याच्याच रूपाची, तात्पुरती उणीव अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दिसते, तसेच ज्या आईच्या दुधातच जनुकीय कारणाने जस्त कमी उतरते तिच्या बाळातही, आणि तेव्हा अंगावरचे दूध चालू असतानाच चट्टे येतात. म्हणून ज्या बाळाच्या तोंडाभोवतीचे आणि लंगोटाच्या जागेचे चट्टे दोन आठवड्यांत साध्या उपायांनी बरे होत नाहीत, त्याला तिसरे मलम आणून लावण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ यांना दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चट्टे नेमके याच ठिकाणी का येतात, याचे उत्तरही आता बऱ्यापैकी मिळाले आहे. बाह्यत्वचेत लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशी असतात. लाळ, मल किंवा घर्षण यांनी त्वचा दुखावली की तिच्या पेशींतून एटीपी हा पदार्थ बाहेर सांडतो आणि दाह पेटवतो. पहारेकरी पेशी तो एटीपी मोडून टाकतात आणि दाह आटोक्यात राहतो. जस्त कमी पडले की याच पेशी नाहीशा होतात. जपानमधील संशोधकांनी २०१२ मध्ये हे उंदरांत आणि रुग्णांतही दाखवले. म्हणजे लाळेने, मलाने, घर्षणाने रोजच होणारी, एरवी कळतही नाही अशी इजा जस्ताविना विझत नाही.

मोठ्या माणसांत इतके ठळक चित्र क्वचित दिसते. वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत खराब झालेले, आतड्याचा जुना आजार असलेले, वजन कमी करण्यासाठी आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, आणि दात गेल्यामुळे केवळ पेज व लोणचे यांवर राहणारे वृद्ध, अशांमध्ये उणीव खरोखर सापडते. दारूने लघवीवाटे जस्त अधिक जाते आणि पिणाऱ्याचे जेवणही सुटलेले असते. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम संपला तरी ज्यांचा पेला संपत नाही अशा काही जणांच्या नडगीवरचे आणि ढोपरावरचे कोरडे, तपकिरी, भेगाळलेले चट्टे मी सोरायसिस म्हणून पाठवलेले पाहिले आहेत. ओठांचे कोपरे चिरणे, चव न लागणे, छोटी जखम आठवडेच्या आठवडे न भरणे, केस सगळ्या डोक्यावरून विरळ होणे ही इतर लक्षणे आहेत. पण यांतले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येते. आपल्याकडे तरुण मुलीचे केस गळत असतील तर जस्ताच्या कितीतरी आधी लोहाची कमतरता, थायरॉइड, मागच्या दोन-तीन महिन्यांतला डेंग्यूसारखा ताप आणि अचानक केलेला उपासाचा आहार यांचा विचार करावा लागतो.

रक्ततपासणीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. रक्तातील जस्त हा शरीरातील एकूण जस्ताचा अगदी छोटा अंश असतो. ताप किंवा दाह असला तरी तो खाली येतो, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी असले तरी खाली येतो, आणि जेवणानंतर बदलतो. नमुना सकाळी उपाशीपोटी, सूक्ष्म धातूंसाठी असलेल्या खास नळीतच घ्यावा लागतो, कारण साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त रक्तात उतरू शकते आणि कमी असलेला आकडा चांगला दिसू लागतो. म्हणून अहवालातील एकट्या आकड्यावर मी कधीच औषध ठरवत नाही.

आता मुरुमांकडे येऊ. जस्ताने मुरुमांचा दाह थोडा कमी होतो, हे खरे आहे, आणि तुमच्या मुलीला जाणवलेला फरक काल्पनिक असेलच असे नाही. प्रश्न किती कमी होतो हा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात ३३२ रुग्णांना तीन महिने एकतर रोज ३० मिलिग्रॅम जस्त दिले किंवा मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दिले. दाहयुक्त मुरुमे दोन तृतीयांशांहून अधिक कमी होणे हे यश धरले, तर जस्ताने ते सुमारे ३१ टक्के रुग्णांत मिळाले आणि मिनोसायक्लिनने सुमारे ६३ टक्के रुग्णांत. म्हणजे जस्त मदत करते, पण मुख्य औषधाची जागा घेत नाही. गरोदरपणामुळे किंवा इतर कारणाने नेहमीची औषधे देता येत नाहीत अशा थोड्या रुग्णांना मी ते मर्यादित काळ देते. बाकीच्यांना ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारखे लावण्याचे औषध नियमाने आठ ते बारा आठवडे वापरल्याने जो फायदा होतो तो जस्ताच्या गोळीने होत नाही. दोन्ही औषधे सुरुवातीला त्वचा कोरडी करतात, आणि बहुतेक मुली नेमक्या त्याच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती सोडून देतात. आणखी एक गोष्ट: मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर जस्ताची गोळी त्याच वेळी घेऊ नये. दोघांची पोटात सांगड बसते आणि औषध वाया जाते. मध्ये निदान दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

अधिक जस्ताने होते काय, हे सांगायला मला एक रुग्ण आठवतो. पन्नाशीचे गृहस्थ, केस आणि फिकटलेली त्वचा दाखवायला आले होते. बोलता बोलता म्हणाले की पायांना मुंग्या येतात आणि अंधारात चालताना तोल जातो. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास, पांढऱ्या पेशीही कमी. लोह चांगले होते, बी-१२ चांगले होते. घरी कोणती गोळी घेता असे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळले की करोनाच्या लाटेत कोणीतरी लिहून दिलेली ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी ते दिवसातून दोनदा, दोन वर्षे, औषध न समजता ‘शक्तीसाठी’ घेत होते. त्यांच्या रक्तातील तांबे जवळजवळ नाहीसे झाले होते. जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन भरपूर बनवतात. हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरते, आणि काही दिवसांनी त्या पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर ते तांबेही मलावाटे निघून जाते. गोळी बंद करून तांबे दिल्यावर त्यांचे रक्त दोन महिन्यांत सुधारले. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. मज्जारज्जूची झालेली हानी नेहमीच भरून येत नाही.

म्हणून आकडे नीट समजून घ्यावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त लागते. अमेरिकेतले हेच आकडे ११ आणि ८ आहेत. आपले अधिक असण्याचे कारण म्हणजे आपले धान्यप्रधान जेवण, ज्यातून जस्त कमी शोषले जाते. सुरक्षित वरची मर्यादा अन्न आणि गोळी मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅम धरली जाते. वैद्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या काळासाठी याहून जास्त देता येते, पण स्वतःहून नव्हे. पाकिटावर वाचायचे ते मूलद्रव्य जस्त किती आहे हे. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये ५० मिलिग्रॅम जस्त असते, तर ग्लुकोनेटमध्ये वजनाच्या जेमतेम १४ टक्के. मोठा आकडा सगळ्या क्षाराचा (सल्फेटचा किंवा ग्लुकोनेटचा) असतो, लहान आकडा जस्ताचा. तुमच्या मुलीच्या पाकिटावरचा ५० हा आकडा कशाचा आहे ते पाहा. तो सल्फेटचा असेल तर तिच्या पोटात बरेच कमी जस्त जात आहे. तिला होणारी मळमळ मात्र उपाशीपोटी घेतलेल्या झिंक सल्फेटने अगदी सर्रास होते.

जेवणाच्या बाबतीत गोव्यातल्या माणसाचा एक मोठा गैरसमज मला दूर करायचा आहे. आपण रोज नुस्ते (मासे) खातो म्हणून जस्त भरपूर मिळते, असे लोक धरून चालतात. बांगडा, इसवण, पापलेट यांच्या मांसात प्रथिने आणि चांगली चरबी आहे, पण जस्त बेताचेच आहे. जस्त आहे ते कवचवाल्यांत. त्यांत कालवे सर्वांत पुढे. एवढे जस्त दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या अन्नात नसते. त्याखालोखाल कुर्ल्या (खेकडे), मग शिणाण्यो (शिंपल्या). मात्र कालवे आणि शिणाण्यो पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातली घाणही साठवतात, म्हणून त्या स्वच्छ पाण्यातल्या असाव्यात आणि पूर्ण शिजवूनच खाव्यात. मटणातही चांगले जस्त मिळते आणि मांसातले जस्त शोषलेही सहज जाते.

शिवराक जेवणात जस्त नाही असे नव्हे. ते तिथे बांधलेले असते. डाळी, कडधान्ये आणि कोंड्यासकट धान्य यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, आणि ते जस्ताला धरून ठेवते. शिराझच्या त्या तरुणाची रोटी बिनखमिराची होती, आणि मुख्य दोष तिथेच होता. पिठात खमीर चढले की फायटेट मोडते आणि जस्त सुटते. आपल्या जुन्या स्वयंपाकात हे ज्ञान न सांगता मुरलेले आहे. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, कोंड्याची पोयी खमिराने फुगवलेली असते. सान्नां, म्हणजे आपल्या इडल्या, सुराने (माडीने) आंबवलेली असतात. पोळ्याचे (डोशासारख्या धिरड्याचे) पीठ आंबायला रात्रभर राहते. नाचण्याची आंबील आंबवल्याशिवाय आंबील होत नाही. मुगागाठी तर या बाबतीत अप्रतिम पदार्थ आहे. मूग भिजवून, मोड आणून, सालपट काढून केलेल्या त्या रसात फायटेट बरेच कमी झालेले असते. अळसांदे (चवळी) सुद्धा रात्री भिजत घालून, ते पाणी टाकून आणि शक्य तर मोड काढून केले तर अधिक अंगी लागतात. तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांत १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेसात मिलिग्रॅम जस्त असते, काजूगरात साडेपाचच्या पुढे. म्हणजे काजूच्या ३० ग्रॅमच्या मुठीत दीड मिलिग्रॅमहून थोडे अधिक. एका पदार्थाने दिवसाची गरज भागत नाही, पण मुगागाठी, मूठभर काजू, चटणीतले तीळ आणि दही मिळून श्रावणातले ताट अगदीच रिकामे राहत नाही. ज्या घरात श्रावण म्हणजे साबुदाणा आणि बटाटा असा अर्थ झाला आहे तिथे मात्र उणीव होऊ शकते, कारण साबुदाण्यात जस्त जवळजवळ नाहीच.

वरून लावण्याच्या जस्ताबद्दल मला गोळीपेक्षा अधिक भरवसा आहे, आणि गोव्याच्या हवेत त्याचे काम मोठे आहे. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्वचेवर पडद्यासारखे बसते, आणि धड असलेल्या त्वचेतून नगण्य प्रमाणात आत जाते. लंगोटाच्या जागेचे लाल पुरळ असेल तर त्याची घट्ट पेस्ट पावावर लोणी लावावे तशी जाड लावावी, पुसट फिरवू नये. पुढच्या वेळी बाळाला साफ करताना सगळी पेस्ट खरवडून काढायचा हट्ट धरू नये. वरची मळलेली तेवढी पुसावी, खालची चिकटलेली राहू द्यावी आणि तिच्यावर नवा थर द्यावा. खरवडण्याने जेवढी त्वचा सोलली जाते तेवढे नुकसान मूळ पुरळाने होत नाही. एप्रिल-मे महिन्यांतल्या घामोळ्यांना कॅलामाइन लोशन लावतात, तेही मुख्यतः झिंक ऑक्साइडच, गुलाबी रंग त्यातल्या थोड्या लोहाच्या ऑक्साइडचा. त्याने थंडावा मिळतो आणि खाज कमी होते, पण ते त्वचा सुकवते, म्हणून कोरड्या इसबावर लावू नये.

उन्हासाठीही झिंक ऑक्साइड उत्तम आहे. अतिनील किरणांच्या दोन्ही प्रकारांना, यूव्हीए आणि यूव्हीबीला, ते एकटे अडवते आणि संवेदनशील त्वचेला फारसे झोंबत नाही. किनाऱ्यावर, होडीवर किंवा कुळागरात दिवसभर काम करणाऱ्यांनी आणि गालांवर वांग आलेल्या स्त्रियांनी ते वापरावे असे मी आग्रहाने सांगते. आपल्या सावळ्या वर्णावर ते पांढरे दिसते, ही तक्रार रास्त आहे. त्वचेच्या रंगाची छटा दिलेले मिळते ते घ्यावे, आणि त्या छटेतले लोहाचे ऑक्साइड वांगासाठी वेगळा फायदाही देते. कोंड्याच्या शाम्पूत झिंक पायरिथिऑन असते. ते बुरशीविरोधी आहे आणि फेस डोक्यावर पाच मिनिटे राहू दिला तरच काम करते. युरोपीय संघाने २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. पर्याय म्हणून किटोकोनॅझोलचा शाम्पू आहे.

एका ठिकाणी मात्र जस्ताकडून काहीच अपेक्षा धरू नये. जांघेतल्या आणि कमरेवरच्या नायट्याला झिंकची गोळी किंवा पावडर बरे करत नाही, आणि फार्मसीतून मागून आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम तर तो नायटा वाढवते. दर पावसाळ्यात मी हे पाहते आणि दर पावसाळ्यात वाईट वाटते.

तुमच्या मुलीसाठी आता करायचे ते असे. गोळी बंद केल्यावर हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्यावी. मासिक पाळी दोन-दोन महिने लांबत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर ते संकोच न करता सांगावे, कारण मग मुरुमांचे आणि केसांचे कारण एकच असू शकते आणि त्याचा उपाय वेगळा आहे. चार महिने ५० मिलिग्रॅम जस्त खरोखर घेतले गेले असेल आणि रक्तगणनेत पांढऱ्या पेशी कमी दिसल्या तर तांब्याची तपासणीही करावी लागेल. मुरुमांना लावण्याचे औषध रात्री, वाटाण्याएवढे, संपूर्ण चेहऱ्यावर, नुसत्या पुळ्यांवर नव्हे. पुढे कधी जस्त द्यावेसे वाटले तर ते जेवणानंतर, १५ ते २० मिलिग्रॅम आणि तीन महिन्यांहून जास्त नाही. आणि जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा ती गोळ्यांची पट्टी, असेल तर रिकामीसुद्धा, बरोबर न्यावी, म्हणजे तो ५० हा आकडा नेमका कशाचा होता ते त्यांना वाचता येईल.